बिननावाचे अंडे

युरोपीय आयोगाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जनमत पाहणीत ९४ टक्के लोकांनी पाळीव पशुपक्ष्यांचे कल्याण जपणे महत्त्वाचे असल्याचे सांगितले. त्यासाठी जास्त दाम मोजण्याची तयारी मात्र ५९ टक्क्यांनीच दाखवली, आणि या तयारीचाही मोठा भाग पाच टक्क्यांच्या वाढीपाशी थबकला, कारण त्यापलीकडे न जाणाऱ्यांचे प्रमाण एकूण उत्तरे देणाऱ्यांत ३५ टक्के होते. येथे ‘प्राणिकल्याण’ हा शब्द मर्यादित अर्थाने घ्यायचा आहे. प्राणी खावा की खाऊ नये, हा प्राणिहक्कांचा प्रश्न वेगळा. खाल्ला जाणारा किंवा दूध-अंडी देणारा प्राणी जिवंत असेतोवर कसा राहतो, त्याला वेदना, भीती आणि कोंडमारा किती सोसावा लागतो, हा कल्याणाचा प्रश्न होय. पहिल्या प्रश्नावर भारतात शतकानुशतके वाद झाले आहेत, तर दुसऱ्याकडे त्या वादाच्या गदारोळात फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही.

पुढील संवादातील दोन्ही पात्रे कल्पित आहेत. मामा पुणे जिल्ह्यात ‘लेअर’ची, म्हणजे केवळ अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्यांची, शेड चालवतात, त्यांची भाची महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते आणि ग्राहकांचे वर्तन हा तिच्या अभ्यासाचा विषय आहे. दोघांचे विचार जुळत नाहीत, परंतु दोघांनाही कोंबडी ठाऊक आहे, आणि या विषयावर बोलणाऱ्या बहुतेकांच्या बाबतीत एवढेही म्हणता येत नाही.

भाची : मामा, कार्यालयात वापरतात तो ए-चार आकाराचा कागद साधारण ६२४ चौरस सेंटीमीटरचा भरतो, आणि आपल्याकडच्या सर्वसाधारण पिंजऱ्यात एका कोंबडीच्या वाट्याला त्याहूनही कमी जागा येते. तिला पंख पसरता येत नाहीत, अंडे घालायला आडोसा मिळत नाही, पायाखाली माती नसते, आणि तिरप्या जाळीवर उभी राहून ती सारा जन्म काढते. प्राण्यांशी क्रूरतेने वागण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा तर कलम ११ मध्ये स्पष्ट सांगतो की हालचालीला पुरेशी उंची, लांबी आणि रुंदी नसलेल्या पिंजऱ्यात प्राणी ठेवणे हा गुन्हा आहे. मग तुमची शेड कायद्याच्या कोणत्या बाजूला उभी आहे?

मामा : कायदा वाचणाऱ्याने पिंजरा का आला हेही वाचावे. कोंबडी जमिनीवर असताना तिची विष्ठा तिच्याच पायाखाली तुडवली जायची आणि त्यातून रक्ती हगवण पसरायची. जाळी आली, विष्ठा खाली पडू लागली आणि तो रोग आटोक्यात आला. अंडे घरंगळत पुढच्या पन्हाळीत येते, त्यामुळे ते फुटत नाही आणि मळत नाही. मोकळ्या कोंबडीला मुंगूस नेते, घार नेते, आणि मानमोडीची साथ आली की अख्खे खुराडे आडवे होते. मुख्य म्हणजे अंडे स्वस्त झाले. राष्ट्रीय पोषण संस्था माणशी वर्षाला १८० अंडी खावीत असे सांगते, आणि २०२२-२३ च्या सरकारी आकडेवारीत भारताची सरासरी १०१ वर अडकलेली होती. ज्याच्या ताटात अजून अंडे पोचलेच नाही, त्याला कोंबडीच्या पिंजऱ्याचे माप सांगून काय मिळणार?

मामांच्या युक्तिवादाचा पहिला भाग बचावासाठी रचलेला नाही, तो खरोखरच पिंजऱ्याच्या इतिहासातील आहे. विसाव्या शतकाच्या मध्याला पिंजरा आला तो बऱ्याच अंशी स्वच्छतेची सुधारणा म्हणून आला. त्याच्या दुसऱ्या बाजूकडे लोकांचे लक्ष ब्रिटनमध्ये १९६४ साली गेले. त्या वर्षी रूथ हॅरिसन यांचे ‘अ‍ॅनिमल मशीन्स’ हे पुस्तक निघाले, त्यावर एवढा गहजब झाला की सरकारने प्राध्यापक रॉजर्स ब्रॅम्बेल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि १९६५ च्या अहवालात समितीने म्हटले की बंदिस्त प्राण्याला निदान उभे राहता, बसता, वळता, अंग साफ करता आणि हातपाय ताणता आले पाहिजेत. या किमान अपेक्षांचाच विस्तार पुढे ‘पाच स्वातंत्र्ये’ या सूत्रात झाला: भूक-तहान, अस्वस्थता, वेदना व आजार आणि भीती यांपासून मुक्तता, तसेच आपल्या जातीला साजेसे वागण्याची मोकळीक. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये, जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यतींच्या खटल्यात, हे सूत्र आपल्या निकालात उचलून धरले.

मामा : समितीत बसलेल्या माणसांनी कोंबडीला काय हवे ते ठरवले. कोंबडीला विचारले कोणी?

भाची : विचारले, आणि समितीचे एक म्हणणे चुकीचेही निघाले. पिंजऱ्याच्या तळाला बारीक षट्कोनी जाळी वापरू नये, ती पायाला बोचते, जाड तारेची जाळी बरी, अशी ब्रॅम्बेल समितीची शिफारस होती. १९७३ मध्ये ह्यूज आणि ब्लॅक या संशोधकांनी कोंबड्यांनाच दोन्हींमधून निवड करू दिली, तर त्या बारीक जाळीवरच जास्त वेळ थांबल्या. त्या जाळीवर त्यांच्या पंजाला अधिक ठिकाणी आधार मिळत असावा.

मामा : मग झाले तर! सहानुभूतीच्या भरात माणूस कोंबडीच्या नावाने स्वतःची आवड सांगतो.

भाची : पण तीच पद्धत पुढेही चालू राहिली आणि तिने तुमच्या विरुद्धही साक्ष दिली. निवडीच्या प्रयोगात आवड किती खोल आहे हे मोजायचे तर वाटेत अडथळा ठेवतात. कोंबडी तो ओलांडायला जेवढे कष्ट घेईल तेवढी तिची गरज मोठी. अंडे घालायची वेळ जवळ आली की बंद आडोशाची जागा गाठण्यासाठी ती भुकेली असताना खाद्यासाठी घेईल तसे कष्ट घेते. पिंजऱ्यात तो आडोसा नसतो, म्हणून ती अंडे घालण्याआधी येरझारा घालते, तुम्हीही ते पाहिले असेल.

मामांनी ते पाहिलेले आहे, आणि गावरान कोंबडी कणगीमागे किंवा जुन्या पाटीत अंडे लपवते हे त्यांच्या आईलाही ठाऊक होते. वादाचा हा भाग म्हणून फार ताणण्याजोगा नाही: पिंजऱ्यात पक्षी निरोगी राहू शकतो आणि तरीही त्याची मूळ प्रेरणा कोंडली जाऊ शकते, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. अवघड प्रश्न पुढचा आहे. हे सारे कळल्यावर ग्राहक काय करतो?

मामा : ग्राहकाचे ऐक. महाराष्ट्रात गावरान अंड्याला पांढऱ्याच्या दुप्पट भाव लोक पिढ्यानपिढ्या देत आले आहेत, कोणी मोहीम काढली नाही, कोणी फलक लावला नाही. मोकळी फिरणारी, उकिरडा उकरणारी कोंबडी लोकांना हवी आहे आणि ते तिचे पैसे मोजतात. तुमच्या पुस्तकात ज्याला मानवीय अन्न म्हणतात त्याचा बाजार आमच्याकडे आधीच आहे.

भाची : बाजार आहे, पण तो कोंबडीसाठी नाही, मामा. गावरान अंडे घेणाऱ्याला विचारा, तो चव सांगेल, बाळंतिणीला ताकद येते म्हणून सांगेल, ‘बॉयलर’च्या कोंबडीला इंजेक्शने देतात म्हणून सांगेल. ती मोकळी फिरते म्हणून सुखी असेल, हे कारण शंभरांत एखादाही देणार नाही.

मामा : कारण काय का असेना, कोंबडी फिरते ना?

या उत्तरात मामांना वाटते त्याहून अधिक अर्थ दडलेला आहे. कोंबडी मोकळी फिरली की नाही, अशा गुणाला अर्थशास्त्रात ‘विश्वासाधारित गुण’ म्हणतात: वस्तू खाऊन किंवा वापरूनही तो ग्राहकाला पडताळता येत नाही, विक्रेत्याच्या शब्दावरच विसंबावे लागते. चवीसारखा गुण जिभेवर ठरतो, कोंबडी कशी जगली हे मात्र अंड्याच्या आत कोठेही लिहिलेले नसते. म्हणून ग्राहक खुणा शोधतो. बाजारात गावरान अंडी निवडणारा माणूस पाहिला तर तो तपकिरी रंगाकडे वळतो, अंडे लहान आहे ना हे तळहातावर तोलून पाहतो, आणि कवचावर विष्ठेचा डाग किंवा चिकटलेले पीस दिसले तर निश्चिंत होतो. यांपैकी एकही खूण कोंबडीच्या जगण्याची साक्ष देत नाही. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर अवलंबून असतो, तपकिरी अंडी देणाऱ्या संकरित जाती पिंजऱ्यातही असतात. बलक गडद केशरी होतो तो खाद्यातील मक्याने किंवा झेंडूच्या अर्काने. आणि डाग लावायला तर काहीच खर्च येत नाही. पांढरी अंडी चहाच्या पाण्यात रंगवून गावरान म्हणून खपवल्याचे प्रकार उघडकीस येतात ते यामुळेच. दुप्पट दाम देणारा ग्राहक आहे, परंतु त्याचे पैसे नेमके कोणत्या कोंबडीपर्यंत पोचतात हे सांगणारी यंत्रणा नाही, आणि त्याच्या मनात कोंबडी मुळातच नसल्यामुळे ती यंत्रणा त्याने कधी मागितलीही नाही. खरी गावरान कोंबडी वर्षाकाठी साठ-ऐंशी अंडी देते आणि मध्येच खुडूक होऊन बसते, तर संकरित लेअर तीनशेच्या पुढे जाते. हा फरक ठाऊक असणाऱ्याला शहरातील प्रत्येक चौकात रोज गावरान अंड्यांचे ढीग कोठून येतात याचे आश्चर्य वाटायला हवे.

मामा : मग आणखी एक ऐक. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्लू आला, देशातला पहिला. तिथे लाखो पक्षी मारावे लागले, आणि जिथे रोगाचा मागमूस नव्हता तिथेही लोकांनी कोंबडी आणि अंडी सोडली. २०२० च्या सुरुवातीला कोरोना चिकनमधून पसरतो अशी नुसती आवई उठली, तेवढ्यानेही भाव कोसळला, कित्येकांनी पिल्ले फुकट वाटली. गिऱ्हाईक आपल्या जिवाला घाबरते तेव्हा एका रात्रीत बदलते. कोंबडीची कीव आली म्हणून कोणी एक ट्रे कमी नेल्याचे आमच्या धंद्यात कोणाला आठवत नाही.

भाची : कारण लोकांना दिसत नाही. पिंजऱ्याची शेड गावाबाहेर, अंडे मात्र दुकानात स्वच्छ पांढरे. कत्तलखान्यांच्या भिंती काचेच्या असत्या तर पुष्कळांनी मांस सोडले असते, असे पाश्चात्त्य देशांत म्हणतात ते यासाठीच.

मामा : आमच्या चिकनच्या दुकानाला भिंत तरी असते का? रस्त्यावर जाळीच्या खोक्यात कोंबड्या, गिऱ्हाईक बोटाने दाखवते ती बाहेर काढतात, त्याच्या देखत कापतात, वजन करून पिशवीत घालतात. सायकलला आणि दुचाकीला पाय बांधून उलट्या लटकवलेल्या कोंबड्या पोरेसोरेही बघतात.

येथे मामांचे पारडे निःसंशय जड आहे. दुरावा आणि अज्ञान हे ग्राहकाच्या उदासीनतेचे मुख्य कारण, हा सिद्धान्त ज्या समाजांत घडला तेथे मांस थंडगार पाकिटात येते. महाराष्ट्रातील बाजारपेठेत सारे उघड्यावर असूनही उदासीनता तेवढीच आहे. पाय बांधून उलटे वाहून नेणे हा १९६० च्या कायद्यातील वाहतुकीविषयीच्या तरतुदीचा भंग असूनही त्याबद्दल सहसा कोणी तक्रार करीत नाही. पाहण्याने करुणा जागी होते तशी सवयही जडते, आणि यांतले कोणते घडेल ते पाहणाऱ्याला त्या दृश्यासंबंधी काही करता येते की नाही यावर बरेचसे अवलंबून असते.

शाकाहारी वाचकाने हा वाद दुसऱ्यांचा समजू नये. गांधीजींनी १९१२ मध्ये दूध सोडले, आणि त्यामागे ब्रह्मचर्याच्या विचाराबरोबरच एक कारण असे होते की कलकत्त्याच्या गवळ्यांकडून गाई-म्हशींवर होणाऱ्या ‘फुका’च्या क्रूर प्रकाराची, म्हणजे जनावराच्या योनिमार्गात हवा फुंकून पान्हा सोडायला लावण्याच्या पद्धतीची, माहिती त्यांनी वाचली होती. पुढे आजारपणात ते शेळीच्या दुधावर आले, हेही प्रसिद्ध आहे. १९६० च्या कायद्याने फुका हा गुन्हा ठरवला. म्हशीच्या रेडकाला दूध न पाजता मरू देण्याची रीत मात्र तबेल्यांतून गेलेली नाही, आणि त्याचा विचार करून कोणी चहा कोरा घेऊ लागल्याचे दिसत नाही. गांधीजींसारखा ग्राहक अपवादच म्हणायचा.

भाची : अपवादांवर बाजार चालत नाही, हे मान्य. म्हणून तर अंड्यावरच लिहिण्याची सोय हवी. युरोपीय संघात २००४ पासून प्रत्येक अंड्यावर शिक्का असतो आणि त्याचा पहिला अंक कोंबडी कशी ठेवली ते सांगतो: शून्य म्हणजे सेंद्रिय पद्धत, एक म्हणजे बाहेर फिरायला मोकळीक, दोन म्हणजे बंद शेडमध्ये पण जमिनीवर, तीन म्हणजे पिंजरा. जुन्या पद्धतीचा, आडोसा-दांडी नसलेला पिंजरा तिथे १ जानेवारी २०१२ पासून बंद झाला, आता पिंजरा ठेवायचा तर कोंबडीमागे ७५० चौरस सेंटीमीटर जागा, आडोसा आणि बसायला दांडी द्यावी लागते. ग्राहकाची भावना आपल्याकडे कमी आहे असे म्हणण्यापूर्वी, ती व्यक्त करायला आपण त्याला जागा दिली का, ते बघायला हवे.

मामा : आमचे अंडे तीसच्या ट्रेमध्ये जाते. राष्ट्रीय अंडी समन्वय समिती रोज सकाळी केंद्रागणिक भाव सुचवते, १९८२ पासून ती पद्धत आहे आणि तिने शेतकऱ्याला दलालाच्या तावडीतून बरेच सोडवले. पण त्या भावात पिंजऱ्याचे अंडे आणि जमिनीवरचे अंडे असा भेद नाही. गाडीत चढले की सगळी अंडी सारखी. आणि तुमच्या शिक्क्यावर सगळे लिहिलेले असते असेही नाही. अंड्याच्या जातीत नर पिल्लाचा काही उपयोग नसतो, म्हणून हॅचरीत पहिल्याच दिवशी त्याला मारतात. ते पिंजऱ्याच्या अंड्यामागेही घडते आणि सेंद्रियच्या मागेही. जर्मनीने त्यावर बंदी घातली ती २०२२ मध्ये, अंड्यावर अंक छापू लागल्यानंतर अठरा वर्षांनी.

सुटे अंडे हा भारतीय प्रश्नाचा गाभा आहे, आणि युरोप-अमेरिकेतील अभ्यास येथे जसेच्या तसे लावता येत नाहीत ते याच कारणाने. त्या अभ्यासांत ‘नागरिक’ आणि ‘ग्राहक’ अशी एकाच माणसाची दोन रूपे मानतात: पाहणीत उत्तर देताना किंवा मत टाकताना तो समाजात काय असावे याचा विचार करतो, दुकानात उभा असताना घरखर्चाचा. यालाच मत आणि खरेदी यांतील तफावत म्हणतात. कॅलिफोर्नियात २००८ मध्ये ६३ टक्क्यांहून अधिक मतदारांनी कोंबड्यांना पंख पसरण्याइतकी जागा द्यावी या प्रस्तावाला पाठिंबा दिला, तेव्हा त्याच राज्याच्या दुकानांत पिंजरामुक्त अंडी उपलब्ध असूनही त्यांचा खप अगदी लहान होता. याला ढोंग म्हणणे सोपे आहे, परंतु आपण एकट्याने जास्त पैसे मोजले तर काही फरक पडत नाही आणि सर्वांना मोजावे लागले तर पडतो, असा हिशेब करणारा मतदार तर्काला सोडून वागत नाही. महाराष्ट्रातील सर्वसाधारण ग्राहकाला ही तफावत दाखवायचीही संधी नाही, कारण त्याच्यापुढे ना तसा प्रस्ताव येतो, ना तसे नाव छापलेले अंडे.

मामा : समजा, उद्या राज्याने पिंजरा बंद केला. परवा तेलंगणातून आणि कर्नाटकातून पिंजऱ्याचीच अंडी येतील, आणि बंद पडेल ती इथली शेड.

भाची : कॅलिफोर्नियासमोरही हीच अडचण होती. म्हणून २०१८ मध्ये तिथल्या मतदारांनी दुसरा प्रस्ताव मंजूर केला, त्याने उत्पादनाबरोबर विक्रीवरही बंधन घातले: बाहेरच्या राज्यातला माल असला तरी नियम पाळलेला नसेल तर तो विकायचा नाही. हाच नियम डुकराच्या मांसालाही लागू असल्याने त्याचे उत्पादक त्याविरुद्ध अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि मे २०२३ मध्ये हरले. आपल्या राज्यघटनेत प्राण्यांवरील क्रूरता रोखणे हा विषय समवर्ती सूचीत आहे, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघेही त्यावर कायदा करू शकतात. आणि कलम ३०४ नुसार सार्वजनिक हितासाठी राज्याला व्यापारावर वाजवी बंधने घालता येतात, फक्त विधेयक मांडण्यापूर्वी राष्ट्रपतींची मंजुरी लागते.

मामा : राष्ट्रपतींची मंजुरी आणशील, पण अंडाभुर्जीच्या गाडीवर तपासणार कोण? तिथे कवच फुटून डब्यात गेलेले असते.

भाची : म्हणून सुरुवात भुर्जीच्या गाडीवरून नको, जिथे एक सही हजारो अंडी घेते तिथून हवी. आश्रमशाळा, सरकारी रुग्णालये, आदिवासी भागातली अमृत आहार योजना. तिथे खाणारा निवड करीत नाही, खरेदी करणारे कार्यालय करते.

मामा : शाळेच्या पोषण आहारात नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडे द्यायचे ठरले, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा पैसा थांबला. जे सरकार पांढऱ्या अंड्याचा पैसा देईना, ते जमिनीवरच्या अंड्याचा देईल?

भाची : निविदेत दराबरोबर कोंबडी ठेवण्याच्या पद्धतीची अट घातली तर तुमच्यासारखे चारजण तरी पुढे येतील, एवढेच म्हणणे आहे.

मामा : अट घालायची तर मुदतीची घाला. लेअरची एक बॅच साधारण दीड वर्ष अंडी देते, शेडचे कर्ज त्याच्या कितीतरी पुढे चालते, आणि एका वर्षाच्या निविदेच्या कागदावर पिंजरे उतरवायला कोणतीही बँक पैसे देत नाही.